डावा पाय रजेवर

खंडेनवमीला दुपारी कुसळेवाडीच्या धावपट्टीवर दोन इंजिनांचं एक छोटं विमान उतरलं. त्याचा डावा पाय दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी उतरला. आत दोन माणसं होती, दोन्ही वाचली. संपली गोष्ट.

आता हे सगळं विसरून जा, कारण असं काही घडलंच नाही. हे आपलं म्हणणं नव्हे, हे धातुवर्तन परीक्षण मंडळाचं म्हणणं आहे, आणि मंडळाकडे गोल शिक्का आहे. तेव्हा ते घडलं नाही असं धरून चालू, आणि ही न घडलेली गोष्ट कशी कशी घडली नाही, ते पहिल्यापासून बघू.

कुसळेवाडी माणदेशातल्या एका माळावर आहे. पूर्वी तिथे फक्त कुसळं आणि वारा होता. पुढे गावोगाव हवाई टॅक्सी न्यायचं धोरण आलं, तेव्हा माळावर एक धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर आणि रेडिओची एक खोली आली. कुसळं आणि वारा होते तिथेच राहिले.

त्या हँगरमधल्या एकुलत्या एका विमानाची पायलट होती शलाका उंब्रजकर. विमानाच्या जातीचं नाव टिटवी. टिटवी म्हणे पाय आभाळाकडे करून झोपते, आभाळ कोसळलंच तर झेलायला. ही गोष्ट माणदेशात शेंबड्या पोराला माहीत असते. विमान बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरात खात्याला ती माहीत नसावी, नाहीतर झोपेत पाय वर धरणाऱ्या पक्ष्याचं नाव त्यांनी विमानाला दिलं नसतं.

टिटवीचे पाय हीच खरी तिची नवलाई. जुन्या विमानांत चाकांचे पाय तेलाच्या दाबावर उघडत आणि मिटत. म्हणजे पंप आले, नळ्या आल्या, झडपा आल्या, आणि या सगळ्यांच्या मागोमाग गळती आली. मग स्मृतिमिश्र नावाचा धातू आला. आपला आकार लक्षात ठेवणारा. वाकवा, तापवा, पुन्हा पहिल्यासारखा. यात तसं नवं काही नव्हतं. दातांच्या तारांत असला धातू कधीचा वापरात होता. नवं हे की या धातूला शिकवता येत होतं. धातूच्या पोटात कणांच्या रांगा असतात. प्रत्येक वाकण्यासरशी त्या जराशा सरकतात, आणि ज्या दिशेने पुन्हा पुन्हा सरकतात ती दिशा त्यांना सोपी होऊन बसते. माळावरून रोज गुरं गेली की पायवाट पडते, तसं. हजारदा उघडमीट झाली की पाय आपोआप शिकतो: ही धावपट्टी खडबडीत आहे, इथे वारा आडवा येतो, ही बाई उतरताना जरा डावीकडे कलते. बटण दाबलं की धातूतून वीज जाते, धातू तापतो, पाय उलगडतो आणि त्या जागेला हवा तितका ताठ होतो. पंप नाही, तेल नाही, संगणकसुद्धा नाही. आठवण थेट धातूत.

माहितीपत्रकात एवढंच होतं. ज्याला शिकता येतं, तो शिकवलेलं सोडून भलतंच शिकतो, हे त्यात नव्हतं. ते कुठल्याही शाळामास्तराने चहाच्या मोबदल्यात सांगितलं असतं.

भलतं शिकवलं ते निनादने. निनाद हा टिटवीचा देखभाल अभियंता आणि शलाकाचा नवरा, महत्त्व याच क्रमाने. अभियांत्रिकीत पहिला वर्ग, आणि खंडेनवमीच्या बाबतीत पंचक्रोशीत त्याच्याइतका कडक कुणी नाही. नवमीला हत्यारांना सुट्टी. पाना, स्क्रूड्रायव्हर, जॅक, सगळं चौरंगावर मांडून हळदकुंकू. आणि टिटवी तर सगळ्यांत मोठं हत्यार. तिला जॅकवर चढवायचं, तिन्ही पाय पोटात मिटवायचे, पंख्यांना झेंडूचे हार घालायचे. डाव्या पायाचा धातू अजून गरम असतानाच त्यावर कुंकवाची पाच बोटं दाबायची आणि म्हणायचं, "झोप. आज सुट्टी."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला उजाडताना, तो पाना घेऊन यायचा. डाव्या पायाच्या मुळाशी वाजवायचा: ठकठक, ठक. आपट्याचं पान खोबणीत खोचायचा. "सोनं घे. ऊठ, सुट्टी संपली." मग उजव्याकडे आणि पुढच्याकडे नुसती मान वळवून, "तुम्हीपण." मग बटण.

"डाव्याचेच एवढे लाड का?" शलाकाने एकदा विचारलं होतं.

"जेवायला मी त्याला टेकून बसतो. उजव्या बाजूला ऊन असतं."

ठकठक, ठक, हे निनादचं घरचंही वाजवणं. किल्ली तो कधी म्हणजे कधी नेत नसे. दारावर ठकठक, ठक. आतून शलाका भिंतीवर एकदा वाजवायची, ठक, म्हणजे 'आले, थांब'. मग मुद्दाम जरा वेळ लावायची.

गेल्या चैत्रात हँगरमध्ये निनादचं हृदय थांबलं. सापडला तेव्हा डाव्या पायाला टेकून बसलेला होता, हातात पाना. शलाका त्या वेळी हँगरमागच्याच घरात, उड्डाणावरून येऊन झोपली होती. कुणाला काही ऐकू आलं नाही, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि सगळ्यांमध्ये तीही होती.

तेव्हापासून तिने एक गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. संध्याकाळी ती डाव्या पायात थोडी वीज सोडायची. धातू कोमट झाला की त्याच्या पृष्ठभागावर हळूहळू पाच खळगे उमटायचे. बोटांचे. ती त्यांच्या शेजारी आपला हात टेकून उभी राहायची. धातू थंड झाला की खळगे बुजायचे, आणि ती घरी जाऊन कुकर लावायची.

*

अष्टमीला मंडळाचे परीक्षक आले. नाव हेरंब पोतनीस. ऑक्टोबरच्या उन्हात अंगात स्वेटर, खांद्याला डबा. डाव्या पायाभोवती त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या. त्या परीक्षेसाठी होत्या की श्रद्धेने, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"कॅप्टन मॅडम, या पायाच्या ताणाच्या नोंदी आमच्याकडे आपोआप येतात," ते म्हणाले. "वर्षातून एक दिवस हा जड होतो."

"जड म्हणजे?"

"मन नसल्यासारखा. उद्याच्या दिवशी."

"उद्या आम्ही उडतच नाही कधी. नवमी असते."

"तेच. उद्या उडू. हा व्यवस्थित उघडला, तर मी 'सवय नाही' असं लिहितो. नाही उघडला, तर सवय आहे. सवय असली की भट्टीत घालून कोरा करावा लागतो. नऊशे अंशांना. त्यानंतर त्याला काहीही आठवत नाही."

"काहीही?"

"स्वतःचं नावसुद्धा नाही." पोतनीसांनी विचार केला. "नाव नसतं म्हणा त्याला."

शलाकाने डाव्या पायाकडे पाहिलं. घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं. यंदा सण नाही. म्हणजे हार नाहीत, जॅक नाही, कुंकू नाही, 'झोप' म्हणणारं कुणी नाही. मग बिचाऱ्या धातूला कळणार कसं, की उद्या नवमी आहे? तो रोजच्यासारखा उघडेल, पोतनीस गोल शिक्का मारून जातील, आणि ती पाच बोटं तिच्याकडे राहतील.

हा विचार बरोबर होता. फक्त त्याच्या तळाशी आणखी एक विचार होता, आणि तो ती बघत नव्हती: तो उघडला, तर त्याला काही आठवत नाही असं होईल.

"उडू," ती म्हणाली.

रेडिओच्या खोलीत यास्मिन मुजावर होती. कुसळेवाडीचा सगळा हवाई वाहतूक विभाग म्हणजे ती आणि तिचा थर्मास.

"ताई, नवमीला हत्याराला हात लावतं का कुणी? आमच्या अब्बांचं गॅरेजपण बंद असतंय. गिऱ्हाईक बोंबलत बसलं तरी पाना उचलत नाहीत."

"परीक्षा आहे यास्मिन."

"कुणाची?"

शलाका हँगरकडे चालू लागली.

*

उडण्यात काही विशेष झालं नाही. जमीन सुटली, पाय मिटले. पोतनीस शेजारच्या खुर्चीत बसून खाली बघत होते. माळावर टिटवीची सावली पळत होती. अर्धा तास इकडेतिकडे फिरून शलाकाने नाक धावपट्टीकडे वळवलं आणि पायांचं बटण दाबलं.

समोर तीन हिरवे दिवे लागायला हवे होते. तिने पुन्हा दाबलं. वीज जात होती, काटा हलत होता, धातू तापत होता. दिवे काळे.

"पोतनीस साहेब, चाकं उतरत नाहीयेत."

"किती?"

"तीन."

"एकूण किती असतात?"

"तीनच."

पोतनीसांनी मान डोलावली आणि डब्याचं झाकण घट्ट आहे का ते तपासलं.

शलाकाने विमान वर घेतलं. एकदा झोकात खाली सूर मारून झटक्यात वर खेचलं, पाय स्वतःच्या वजनाने सुटतील म्हणून. सुटले नाहीत. उलट पोटातून एक मऊ आवाज आला, कूस बदलल्यासारखा.

"हार नाही, पूजा नाही, जॅक नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "याला कळलं कसं?"

"चंद्र," पोतनीस म्हणाले. त्यांचा विषय निघाला होता, त्यामुळे आवाजात पहिल्यांदाच ऊब आली. "चंद्र समुद्र ओढतो, तसं सगळंच ओढतो. आपल्यालाही ओढतो, पण आपण नोंद ठेवत नाही. हा धातू केसाच्या लाखाव्या भागाएवढा ताणही विसरत नाही. आश्विनातलं ऊन आणि नवमीचा चंद्र, दोन्ही एकत्र आले की तो दिवस त्याला ओळखीचा वाटतो. आपल्याला तिथी बघायला भिंतीवर कालनिर्णय लागतं, मॅडम. त्याला नाही लागत."

"म्हणजे आज त्याची सुट्टी आहे."

"तांत्रिक भाषेत तसं म्हणत नाहीत," पोतनीस म्हणाले. "पण हो."

"उद्या सकाळी उघडेल?"

"नक्की."

"पेट्रोल संध्याकाळपर्यंतच आहे."

रेडिओवर यास्मिन आली. "ताई, तू वरच का फिरतीयेस? पाय दिसत नाहीत तुझे."

"झोपलेत."

रेडिओवर यास्मिनच्या थर्मासचं झाकण लावल्याचा आवाज आला. "अग्निशमनचा टँकर बोलावते," ती म्हणाली. "तो झाडांना पाणी घालायला गेलाय. पण बोलावते."

*

समोरच्या फळीवर, लाल झाकणांखाली, तीन बटणं होती. प्रत्येक पायाला एक. वर लिहिलेलं: कोरं करा. हा शेवटचा उपाय. बटण दाबलं की पायात इतकी वीज सुटते की धातू शिकलेलं सगळं विसरतो आणि जन्माच्या आकारावर जातो, सरळ. हमखास उघडतो. भट्टीत जे व्हायचं तेच, फक्त हवेत.

शलाकाने त्या झाकणांकडे बघायचं टाळलं. "साहेब, मागे जा," ती म्हणाली. "डाव्या बाजूला चटई आहे. तिच्याखाली झाकण. ते उघडलं की डाव्या पायाचं मूळ दिसेल. हा पाना घ्या."

पाना निनादचा होता. तो खुर्चीच्या खिशातच असायचा.

"काय करायचं?"

"दोनदा वाजवायचं, थांबायचं, मग एकदा. आणि मोठ्याने म्हणायचं, सोनं घे, ऊठ, सुट्टी संपली."

"हे कुठल्या नियमात बसतं?"

"सदतीस ब."

"सदतीस ब मला पाठ आहे. त्यात असं नाही."

"मग आज घाला."

पोतनीस स्वेटरसकट रांगत मागे गेले. झाकण उघडल्याचा आवाज आला. ठकठक, ठक. मग सरकारी आवाजात, "सोनं घे. ऊठ. सुट्टी संपली."

काही झालं नाही.

"प्रतिसाद नाही," पोतनीस ओरडले.

"आता म्हणा, तुम्हीपण!"

"कुणाला?"

"बाकीच्या दोघांना! नुसती मान वळवून!"

"तुम्हीपण," पोतनीस म्हणाले.

पोटाखाली खाडकन आवाज झाला, मग दुसरा. पुढचा दिवा हिरवा. उजवा दिवा हिरवा. आमंत्रणाची वाटच बघत असल्यासारखे ते दोन पाय उतरले. त्यांचं सगळं शिक्षण एका शब्दाचं होतं. तो मिळाला, त्यांचं काम झालं.

डावा दिवा काळा.

"साहेब, पुन्हा वाजवा."

"मॅडम," मागून आवाज आला. आता त्यात सरकार नव्हतं. "आपण किती उंचीवर आहोत?"

"तीन हजार फूट."

"मग खाली कुणी नसावं."

"नाही. का?"

"खालून कुणीतरी वाजवतंय."

शलाकाने विमान सरळ धरलं आणि एका कानावरचा हेडफोन सरकवला. इंजिनांच्या घरघरीतून ते स्पष्ट येत होतं. विमानाच्या जमिनीतून, खुर्चीच्या पायांतून, तिच्या पाठीतून.

ठकठक, ठक.

थांबणं.

ठकठक, ठक.

दारावरचं. तिला क्षणभर खरंच वाटलं, की किल्ली विसरला. मग तिला दोन वाजवण्यांमधला वेळ वाढत चाललाय हे कळलं. दसऱ्याला निनाद तीनच ठोके द्यायचा आणि बटण दाबायचा. घरी फार तर दोनदा. हे चालूच होतं. ठकठक… ठक. मग बराच वेळ. ठक… ठक… मग तिसरा ठोका हलका, पाना नुसता टेकवल्यासारखा. मग काही नाही.

मग पुन्हा पहिल्यापासून. जोरात. ठकठक, ठक.

हे पायाला दसऱ्याने शिकवलेलं नव्हतं. हे चैत्रातलं होतं. त्या दुपारी निनादला उठता आलं नव्हतं, हाक मारता आली नव्हती. हातात पाना होता, पाठीशी पाय होता, आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडे तीस पावलांवर बायको झोपली होती. तो दार वाजवत होता. ऐकणारं हँगरमध्ये एकच होतं, आणि त्याला जे ऐकलं ते ठेवून द्यायची सवय होती.

ठकठक… ठक.

"मॅडम," पोतनीस पुढे येऊन खुर्चीत बसले. त्यांच्या स्वेटरला चटईची कुसळं चिकटली होती. "हे काय आहे?"

"माझा नवरा," शलाका म्हणाली. "गेला तेव्हाचा."

पोतनीसांनी पाना मांडीवर ठेवला. खालचं वाजणं मंदावत गेलं, थांबलं, पुन्हा सुरू झालं.

शलाकाने डाव्या पायाचं लाल झाकण उघडलं. बोट बटणावर ठेवलं. दुसरा काही मार्ग नव्हता. शेजारी एक माणूस होता, त्याला घर असणार, डबा कुणीतरी भरून दिला असणार. "कोरं करते," ती म्हणाली.

"थांबा," पोतनीस म्हणाले. "या बटणाला मंडळाची लेखी पूर्वपरवानगी लागते."

"मंडळ म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच. पण आज नवमी. कार्यालय बंद आहे."

तिने त्यांच्याकडे बघितलं. चेहरा होता तसाच होता, कोऱ्या कागदासारखा. फक्त हात डब्यावर घट्ट होते.

"दोन पायांवर उतरता येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं. डावा पंख घासतो. विमान गवतात जातं. माणसं बहुतेक वाचतात."

"बहुतेक."

"साहेब, जीव तुमचाही आहे."

"माहितीये. माझ्याच नावावर आहे." पोतनीसांनी पट्टा आवळला. "फक्त त्याआधी त्याला काहीतरी उत्तर द्या हो. किती वेळ वाजवतोय तो."

शलाकाने बोट बटणावरून काढलं. झाकण खाली पाडलं. मग उजवी टाच उचलली आणि विमानाच्या जमिनीवर एकदा आपटली.

ठक.

खालचं वाजणं अर्ध्यात थांबलं, दोन ठोक्यांनंतर. तिसरा आला नाही. पुन्हा पहिल्यापासूनही सुरू झालं नाही. डावा दिवा काळाच राहिला, पण पोटाखाली असं शांत झालं, की दाराबाहेर कुणीतरी उभं आहे आणि आता त्याला घाई नाही.

*

टिटवी उजव्या चाकावर उतरली, अगदी हलकी. मग पुढचं चाक टेकलं. शलाका विमान उजवीकडे कलतं धरून राहिली, जितका वेळ वाऱ्याने धरू दिलं तितका. वेग मेला तसा डावा पंख खाली आला. पंख्याची पाती डांबरावर वाकली, ठिणग्या उडाल्या, विमान गर्रकन डावीकडे वळून कुसळांत शिरलं आणि थांबलं.

डाव्या पायाच्या खोबणीतून काहीतरी पिवळं उडत होतं. पोतनीसांना आग वाटली. त्या जुन्या वर्षांच्या झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या होत्या.

यास्मिन धावत आली. टँकर तिच्यामागून आला, रिकामा. पाणी झाडांना घातलं गेलं होतं.

"ताई! कुठं लागलं का?"

"नाही."

"आणि साहेब?"

पोतनीस बाहेर येऊन गवतात बसले होते, डबा उघडून. "पोळ्या आहेत," ते म्हणाले. "कुणाला हव्या का?"

*

दसऱ्याला उजाडायच्या आत शलाका माळावर गेली. टिटवी गवतात डाव्या पंखावर रेलून पडली होती. बॅटरी काढून नेलेली, सगळ्या तारा सोडवलेल्या. पोतनीस आधीच तिथे होते. सरकारी कामासाठी, असं त्यांनी न विचारता सांगितलं. हातात आपट्याची फांदी होती. तीही सरकारी असावी.

पूर्वेला माळाची कड उजळली. ऊन पहिल्यांदा टिटवीच्या शेपटीवर आलं, मग पाठीवर, मग कलंडलेल्या पंखाखाली.

विमान हललं.

आधी दोघांना वाटलं वारा. मग पंख जमिनीवरून सुटला. खाली, खोबणीतून, डावा पाय बाहेर येत होता. विजेशिवाय, हुकमाशिवाय. मातीत चाक रोवून, म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतं तसं, अख्ख्या विमानाचं वजन घेऊन तो सरळ होत गेला. टिटवी हळूहळू समतल झाली आणि तिन्ही पायांवर उभी राहिली. कुठेही कर्र झालं नाही.

शलाका पंखाखाली वाकली. धातू गरम होता. त्यावर पाच खळगे उमटत होते. त्यांच्या शेजारी, जरा खाली, आणखी पाच. लहान. सहा महिने रोज संध्याकाळी तिथे टेकलेल्या हाताचे.

पोतनीसांनी ते बघितलं आणि पाठ फिरवून आपट्याची पानं तोडत राहिले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

*

पुढचं मंडळाने केलं. देशात असे पाय असलेली चारशे विमानं उडत होती. त्यांना कोणकोणते सण लागलेत, कुणाचं सुतक, कुणाचा उपास, कुठल्या विमानाला अमावस्या चालत नाही, हे शोधायची कुणाची तयारी नव्हती. तेव्हा तर्काने काम झालं. नवमीला कार्यालय बंद होतं. म्हणून त्या दिवशीच्या परीक्षण उड्डाणाची परवानगी अवैध. म्हणून उड्डाण झालंच नाही. म्हणून उतरणंही झालं नाही. पंख घासलाय ती हँगरमध्ये उभ्या अवस्थेतली झीज. आणि वर्षभरात सगळ्याच टिटव्यांचे पाय नेहमीच्या देखभालीचा भाग म्हणून कोरे करायचे. कुसळेवाडीची पाळी संक्रांतीनंतर.

हे सांगायला पोतनीस स्वतः आले. चहा घेताना त्यांनी खिडकीबाहेर बघत, कुणालाच उद्देशून नाही असं, एक नियम म्हणून दाखवला: कर्मचारी रजेवर असताना त्याच्या हाताखालचं साहित्य त्याच्या संमतीशिवाय निकाली काढता येत नाही.

"हे सदतीस ब का?" शलाकाने विचारलं.

"सदतीस क." ते उठले. "मंजूर होणार नाही. पण अर्जावर निर्णय होईपर्यंत भट्टी पेटवता येत नाही. आणि आमच्याकडे निर्णय व्हायला…" त्यांनी जाताना बाहेरून दार ओढून घेतलं, आणि सवय नसल्यासारखे जरा थांबून, न वाजवता गेले.

अर्ज तिने त्याच दिवशी दिला. तो असा:

प्रति, मा. अध्यक्ष, धातुवर्तन परीक्षण मंडळ.

विषय : देखभाल अभियंता श्री. निनाद उंब्रजकर यांना मयत न समजता रजेवर समजण्याबाबत.

महोदय,

वरील कर्मचारी गेल्या चैत्रापासून कामावर दिसत नसले, तरी त्यांचे काम टिटवी विमानाच्या डाव्या पायात चालू आहे. ते नवमीला सुट्टी घेतात व दसऱ्यास उजाडताना स्वतःहून रुजू होतात, याला आपले परीक्षक साक्षी आहेत, जरी ते त्या दिवशी तेथे नव्हते. तरी त्यांची आजवरची अनुपस्थिती रजा म्हणून मंजूर करण्यात यावी. पुढील रजा ते परत येईपर्यंत वाढवून देण्यात यावी. तोवर डावा पाय कोरा करू नये. आणि ते किल्ली नेत नसल्याने, दार उघडण्यासाठी अर्जदारास दर दसऱ्यास उजाडण्यापूर्वी हँगरमध्ये हजर राहण्याची कायम परवानगी मिळावी, ही विनंती.